पाण्याखालची कोरडी पेटी

पावसाळी मासेमारी बंदी लागली की मालवणजवळच्या देवबागात होड्या माडांखाली ओढल्या जातात, त्यांच्यावर झावळं चढतात आणि आऊटबोर्ड इंजिन घरात येतं. घरात म्हणजे अगदी पडवीत, तांदळाच्या पिंपाशेजारी. मामांचं चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन सत्तरेक किलोचं. दोघांनी उचलून लाकडी घोडीवर टांगायचं आणि मग दोन महिने येताजाता त्याच्या पंख्याला गुडघा आपटून घ्यायचा. गेल्या पावसात मशीन टांगल्या टांगल्या मी पाना घेऊन खाली बसलो, तर मामा म्हणाले, "आधी त्येका रातभर उभा ठेव. पाणी खाली बसतलां, मगे बोल्ट सैल कर."

सकाळी तळाचा स्क्रू फिरवला. आधी पाण्याचे चार थेंब पडले आणि मागून दूध घातलेल्या चहासारखं ऑईल. नव्वद नंबरचं गिअर ऑईल असं दिसलं की समजायचं, गिअरकेस, म्हणजे खालची गिअरची पेटी, पाणी प्यायली. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून रात्रभर उभं ठेवलं की मोकळं पाणी तळाला येतं. जे तेलात घुसळलं गेलंय ते मात्र वेगळं होत नाही, दुधाळच राहतं. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काळी, बोटाला मऊ लागणारी साय असेल तर ती रोजची झीज. टोचणारे कण निघाले तर आत कुठला तरी दात गेलाय. आमच्या नशिबाने साय होती.

आऊटबोर्डचं डोकं सगळ्यांना ठाऊक असतं. दोरी ओढली की तेच ओरडतं, धूर सोडतं, लोक शिव्याही त्यालाच देतात. पण होडी पुढे नेणारी खरी जागा ही खालची पेटी. वरून उभा शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला छोटा पिनियन. पिनियनला दोन मोठे गिअर भिडलेले, एक पुढे, एक मागे. दोन्ही सतत फिरत असतात, एकमेकांच्या उलट दिशेने, आणि पंख्याचा आडवा शाफ्ट त्यांच्या मधून मोकळा जातो. मध्ये शाफ्टवरच्या खाचांतून सरकणारा एक दातेरी तुकडा असतो, त्याला डॉग म्हणतात. तो पुढच्या गिअरला अडकला की होडी पुढे, मागच्याला अडकला की मागे, मध्ये राहिला की न्यूट्रल. वरच्या इंजिनला यातलं काही कळत नाही, ते एकाच दिशेने फिरत राहतं. पिनियन लहान असल्यामुळे इंजिनचे साधारण दोन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. वेग घटतो, जोर वाढतो.

डॉगबद्दल एक गोष्ट मामांनी मला चार वेळा सांगितली, तरी हात ऐकत नाही. कड्कन आवाज येऊ नये म्हणून आपण गिअर हळूच, मायेने टाकतो. तीच माया डॉगचे कोपरे खाते. दात अर्धवट भिडून एकमेकांवर घासतात, गोल होतात, आणि मग ऐन कर्ली नदीच्या मुखावर, लाट अंगावर येत असताना, मशीन गिअर सोडून देतं. इंजिन अगदी मंद करायचं आणि गिअर एका झटक्यात टाकायचा.

ही पेटी आजची नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीत नॉर्वेहून आलेल्या ओले एविनरूड नावाच्या कारागिराने १९०९ साली आपलं आऊटबोर्ड विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवरचं, वजनाला २८ किलोच्या आसपास. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनचं मशीन त्याच्याही आधी बाजारात होतं. एविनरूडची आइस्क्रीमची गोष्ट सांगतात: उन्हाळ्यात तळ्यापलीकडून बेस नावाच्या मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारून मारून तो दमला आणि किनाऱ्याला लागेपर्यंत आइस्क्रीम वितळलं. खरं-खोटं राहू द्या. पण इंजिन वर, उभा शाफ्ट मध्ये आणि गिअर पाण्याखाली, ही त्याची मांडणी आज मामांच्या पडवीतही तीच आहे.

आता पाणी शिरलं कुठून? पंखा काढला. खिट्टी, नट, वायसर, मग पंखा. त्याच्या मागे शाफ्टला गच्च गुंडाळलेलं तंगूस. आपल्याच जाळ्याचं, हिरवट, उष्णतेने वितळून कडक झालेलं. पंखा फिरताना हा धागा आत खेचला जातो आणि शाफ्टभोवतीच्या रबरी सीलचा ओठ कापतो. मासळीसाठी पाण्यात सोडलेला धागा असा स्वतःच्याच मशीनचा गळा धरतो. सुरीने तो कापून काढायला अर्धा तास गेला.

त्यानंतरची लढाई मिठाशी. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे बोल्ट, वरून खारं पाणी. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. इथे जोर लावणारा माणूस बोल्टचं डोकं हातात घेऊन उठतो. गॅसच्या बत्तीची थोडी ऊब, गंज सोडवणारं तेल, हातोडीच्या बारीक टिचक्या आणि चहा. काही मॉडेलांत एक बोल्ट पंख्यावरच्या छोट्या पात्याखाली लपलेला असतो. तो विसरून पेटी ओढत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांत मीही एकदा होतो. पेटी उतरवायच्या आधी गिअरच्या दांडीचा जोड सोडवायचा, नाहीतर ती वाकते.

पेटी सुटली की तिच्या डोक्यावर पाणीपंपाची रबरी चक्री दिसते. देवबागच्या वाळूत तिचं आयुष्य ते किती! हाताशी आलीच आहे तर बदलून टाकावी.

सील काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्यावा. सील दोन असतात आणि त्यांचे ओठ कुठे तोंड करून आहेत ते मॉडेलागणिक बदलतं. उलटा बसवला तर तेल राहील पण पाणी आत येईल, किंवा त्याच्या उलट. शाफ्टवरून नखही फिरवून बघावं. जुन्या सीलने तिथे चर पाडला असेल तर नवाकोरा सीलही गळणार. मग तो केसाएवढा बाहेर बसवायचा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. पण गिअर बदलायची वेळ आली तर मामा पडवीतलं काम थांबवतात. दातांमधली फट शीम, म्हणजे पातळ चकत्या, घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवायची असते. ते गेजचं काम, डोळ्याचं नव्हे.

तेल भरण्याआधी हवा. सायकलच्या पंपाने दहा-बारा पीएसआय, मोटारीच्या चाकात असते तिच्या साधारण तिसरा हिस्सा. पेटी पिंपातल्या पाण्यात बुडवली आणि आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. एक बुडबुडा आला. माझा जीव गेला. मामांनी वरचा स्क्रू काढून नवं वायसर घातलं, परत बुडवली. बुडबुडा नाही, पंपावरचा दाबाचा काटाही हलला नाही.

तेल खालून भरायचं. वरून ओतलं तर हवा आत कोंडते. खालून चढवलं की ती वरच्या भोकातून निघून जाते. वर तेल दिसलं की आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा पंप काढायचा. नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलं की आतलं पाणी जसं पडत नाही, तसं तेल स्क्रू लावेपर्यंत थांबतं.

नारळी पौर्णिमेनंतर दोन फेऱ्या मारून आलो आणि मशीन रात्रभर उभं ठेवलं. सकाळी मामांनी तळाचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. एक थेंब बोटावर आला, मधासारखा, स्वच्छ. तो लुंगीला पुसून ते पंख्यामागे डोकावले. तंगुसाचे दोन वेढे तिथे पुन्हा बसलेले होते. "सुरी हाड," ते म्हणाले.