पाणी मावळचं, शेअर तुमचा

जुलैतल्या एखाद्या शनिवारी जुन्या हायवेवरून कान्हे फाट्याला आत वळा. टाकवे मागे पडलं की कंपन्यांच्या शेड्स संपतात आणि भातखाचरं सुरू होतात. वडेश्वरच्या पुढे एक भलंमोठं तळं तुमच्या सोबतीला येतं. समोर ढग, बाजूला धबधबे, हातात गरमागरम कणीस. आंदर मावळचा हा पावसाळी नजारा आपल्यापैकी अनेकांच्या फोटो अल्बममध्ये आहे.

पण या तळ्याचा धंदा काय, हे फारसं कुणी विचारत नाही. हे ठोकळवाडी धरण. इथलं पाणी गेली शंभरहून जास्त वर्षं मुंबईसाठी वीज बनवतंय. तुमच्या डीमॅट खात्यात टाटा पॉवर असेल, किंवा तो शेअर घेणाऱ्या एखाद्या फंडात तुमची एसआयपी चालू असेल, तर या पाण्यात तुमचेही चार थेंब आहेत! आणि आता याच डोंगररांगेवर हजारो कोटींचा नवा डाव मांडला जातोय. म्हणून हा हिशेब आधी समजून घेतलेला बरा.

शंभर वर्षांपूर्वीचा ‘स्टार्टअप’

सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी खाली सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हे स्वप्न जमशेटजी टाटांचं. ते १९०४ मध्ये गेले, पण कल्पना मागे राहिली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिचं भांडवल प्रामुख्याने भारतीयांनी उभं केलं आणि त्यात संस्थानिकही होते. १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणला पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोचली.

पहिला प्रयोग जमला म्हटल्यावर दुसरी कंपनी आलीच. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली. नाव वाचून हैदराबादकडे बघू नका. ही ‘आंध्रा’ म्हणजे आपल्या आंदर मावळातली आंद्रा नदी. तिच्यावर ठोकळवाडीचं धरण बांधलं गेलं आणि १९२२ मध्ये कड्याखाली, कर्जतच्या बाजूला भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. तिसरी कंपनी १९१९ची. तिचं भिरा केंद्र मुळशीच्या पाण्यावर १९२७ मध्ये चालू झालं. २००० साली तिन्ही कंपन्या एक झाल्या आणि आजची टाटा पॉवर तयार झाली. खोपोली ७२ मेगावॉट, भिवपुरी ७५ आणि भिरा ३००, असा हा संसार आहे.

यातली गंमत साधी आहे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि शेजारीच सुमारे ५०० मीटरचा उतार आहे. पाणी जितक्या उंचावरून पडेल, तितकी प्रत्येक थेंबामागे वीज जास्त. कोळसा नाही, डिझेल नाही. एकदा धरण, बोगदा आणि पाइप झाले की इंधनाचा खर्च शून्य. गुंतवणूकदाराला आणखी काय हवं?

बिल कुणाच्या नावावर?

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण जलविद्युत प्रकल्पाला तीन प्रकारचं भांडवल लागतं: पैसा, पाणी आणि जमीन. पैसा लावणाऱ्याला डिव्हिडंड मिळतो. उरलेल्या दोघांचं काय?

जमिनीचं उत्तर मुळशीने दिलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले आणि जग त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखू लागलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालंच. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते. ठोकळवाडीचा इतका गवगवा झाला नाही. तळाला मात्र तिथेही मावळी शेतकऱ्याची भातजमीनच होती.

पाण्याचा हिशेब आणखी अजब आहे. आंदर मावळात पडलेला थेंब स्वतःच्या वाटेने गेला तर आंद्रेतून इंद्रायणीत, तिथून भीमेत, उजनीत आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. बोगद्यात शिरला की तोच थेंब भिवपुरीला उतरतो, उल्हास नदीला मिळतो आणि बदलापूर-कल्याणकडच्या नळांना हातभार लावून अरबी समुद्र गाठतो. म्हणजे कल्याणकरांच्या बादलीतही मावळ आहे! पण सोलापूरकडे दुष्काळ पडला की पश्चिमेला वळवलेलं हे पाणी भीमेला द्या, ही मागणी हमखास पुढे येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांवर मर्यादाही घातली आहे: एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी.

आणि मावळात ‘पाणी बाहेर चाललंय’ हे वाक्य हलक्यात घेतलं जात नाही. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन आंदोलक गेले. ते खोरं पवन मावळचं, पण जखम अख्ख्या तालुक्याची.

दुपारी चार्ज, संध्याकाळी डिस्चार्ज

मग आता हा जुना विषय पुन्हा गरम का झालाय? कारण आहे सोलर. भर दुपारी सौरवीज भरपूर तयार होते. पण आपण ऑफिसमधून घरी येऊन एसी, गीझर, इंडक्शन एकदम चालू करतो, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवायची कुठे?

उत्तर आहे पम्प्ड स्टोरेज. एक तळं वर, एक खाली. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून महाग वीज विकायची. डोंगराएवढी बॅटरीच म्हणा ना! १०० युनिट घातले तर साधारण ७५ ते ८० परत मिळतात. म्हणजे हा प्रकल्प जितकी वीज देतो, त्यापेक्षा जास्त खातो. त्याची कमाई वीज बनवण्यात नाही, दुपार आणि संध्याकाळच्या भावातल्या फरकात आहे. तंत्र नवं नाही. भिरा केंद्रात १५० मेगावॉटचा असा संच १९९०च्या दशकापासून आहे आणि घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. चीनमधला फेंगनिंग प्रकल्प तर ३,६०० मेगावॉटचा आहे.

अशा ‘बॅटरी’ला उंच कडा आणि भरपूर पाऊस हवा. मावळात दोन्ही आहेत. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट पॉवरशी १३,०५० मेगावॉटचे करार केले, अंदाजे गुंतवणूक ७१,००० कोटी. टोरंटच्या यादीत कर्जत, जुन्नर आणि चक्क मावळ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवता (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) या दोन प्रकल्पांसाठी करार केला. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी आणि सहा हजारांहून अधिक रोजगारांचं आश्वासन.

आकडे वाचून तोंडाला पाणी सुटलं? थांबा. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे.

नेपाळकडून शिकण्यासारखं

केंद्राच्या २००८च्या जलविद्युत धोरणात स्थानिकांसाठी दोन चांगल्या गोष्टी होत्या: एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी आणि बाधित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट. पण पम्प्ड स्टोरेज प्रकल्पांसाठी एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मोफत विजेच्या बंधनातून सूट दिली आणि नदीपात्राबाहेरच्या प्रकल्पांना स्थानिक विकास निधीतूनही. कारण काय? हे प्रकल्प वीज खातात आणि विस्थापनही फारसं करत नाहीत. कागदावर पटतं. पण ज्याच्या डोंगरात बोगदा खोदला जाणार, त्याच्या हातात नक्की काय पडणार?

नेपाळमध्ये जलविद्युत कंपनी पब्लिक इश्यू आणते, तेव्हा १० टक्के शेअर प्रकल्पबाधित भागातल्या रहिवाशांसाठी राखीव असतात. ४५६ मेगावॉटच्या अप्पर तामाकोशीत दोलखा जिल्ह्यातल्या लोकांना असे शेअर मिळाले. अर्थात शेअरबरोबर जोखीमही आली. २०१५च्या भूकंपात काम रखडलं, खर्च फुगला, २०२१ मध्ये वीज सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४च्या पुराने केंद्र काही काळ बंद पाडलं. जमीन गेलेल्या माणसाला नुसता शेअर देऊन भागत नाही, हे खरंच. त्याला खात्रीचं काहीतरी हवं: पाण्याचा हक्क, वीज, टिकाऊ नोकरी. पण निदान तिथे गावकरी मालकांच्या यादीत आहे. १९१० मध्ये आपल्याकडे संस्थानिक भागधारक झाले. ज्याचं शेत बुडालं, त्याला तो मान मिळाला नाही.

शेअर घेण्याआधी हे विचारा

• प्रकल्प करारावर आहे, मंजुरीत आहे, की प्रत्यक्ष काम सुरू झालंय?
• वन आणि पर्यावरण परवानग्यांचं काय? पश्चिम घाटात हा प्रश्न शेवटचा नाही, पहिला असतो.
• वीज विकत घेणाराशी दीर्घकालीन करार झालाय का? कमाई भावातल्या फरकावर आहे, हे विसरू नका.
• बॅटऱ्या आणखी स्वस्त झाल्या तर हा प्रकल्प टिकेल का?
• गावांना काय मिळणार, हे लेखी आहे का? नसेल तर उशिराचा खर्च तुमच्याच परताव्यातून जाणार.

शेवटचा प्रश्न भावनिक वाटेल, पण तोही हिशेबाचाच आहे. चिडलेल्या गावातून बोगदा काढणं फार महाग पडतं. तुम्ही भागधारक असाल तर कंपनीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि आता या सभा ऑनलाइनही होतात. आंदर मावळातल्या शेतकऱ्याकडे डोंगर आहे, पाऊस आहे, पण त्या सभेची लिंक नाही. ती तुमच्याकडे आहे.