आधी पवित्रा

भातसानगरच्या मैदानावर आम्हांला लाठी शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिले कित्येक दिवस हातात लाठी दिलीच नाही. धरणाच्या वसाहतीतली आम्ही पोरं आणि जवळच्या पाड्यांवरची काही. सगळ्यांकडून नुसते पवित्रे घोटून घ्यायचे. डावा पाय पुढे, वळा, उजवा मागे, पुन्हा वळा. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "पाय बसू दे, हात येईल मागून." तेव्हा राग यायचा. पुढे दांडपट्टा हातात घातला आणि त्या बोलण्याचा अर्थ लागला.

पट्टा म्हणजे लांब, लवचिक, दुधारी पातं आणि मुठीच्या जागी जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. आतली मूठ पात्याला आडवी. खोबळ्यात हात गेला की मनगट जखडतं. तलवारीसारखं ते फिरवता येत नाही. मग वार खांद्यातून काढायचा, कमरेतून काढायचा, आणि खरं पाहता पावलांतून. पाऊल चुकलं तर पातं आपल्याच अंगावर येतं. जमिनीवर मांडलेली लिंबं कापत जाणारा पट्टेकरी पाहून लोक हाताला दाद देतात. जाणता माणूस त्याचे पाय बघतो.

ही विद्या देणाऱ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते लहुजी वस्ताद साळवे. जन्म १७९४चा, मांग समाजातला. पेशवाई बुडाली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. पुण्यात त्यांनी तालीम चालवली. पट्टा, लाठी, नेमबाजी सगळं तिथे शिकवलं जाई. जोतीराव फुले तिथे शिकले. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडकेही तिथेच तयार झाले, आणि १८७९ मध्ये रामोशांना सोबत घेऊन त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. ज्या शहरात मांगाचा स्पर्श विटाळ मानत, तिथे माळ्याच्या आणि ब्राह्मणाच्या मुलानं एका मांगाला वस्ताद म्हणावं, याचं मोल मला कुठल्याही डावापेक्षा जास्त वाटतं. तालमीत अंगाला अंग लागल्याशिवाय काही शिकताच येत नाही.

पण लहुजींची थोरवी मला दिसते ती तालमीच्या बाहेर. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. शाळा उघडणं एक, मुलं येणं दुसरं. पोटाची भ्रांत असलेल्या घरातून, लोकांच्या धाकाखाली, मूल अक्षर गिरवायला कोण धाडणार? तेव्हा लहुजी आणि त्यांच्याबरोबर राणबा महार वस्त्यांमधून फिरले, आईबापांशी बोलले, मुलं शाळेत आणली. आपल्याच शिष्याच्या कामासाठी वस्ताद दारोदार गेला. शिष्यानं काढलेली वाट बरोबर आहे हे ओळखून त्याच्यामागे चालायला लागणारे गुरू मी फार पाहिले नाहीत.

त्या शाळांमध्ये शिकलेली एक मुलगी मुक्ता साळवे. लहुजींच्या नात्यातली म्हणून तिची ओळख सांगतात. १८५५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माच्या नावानं आपल्या माणसांना ग्रंथांपासून दूर ठेवणाऱ्यांना तिनं त्यात थेट जाब विचारला आहे.

तेव्हा लहुजींनी साठी गाठली होती. पुढे २६ वर्षं ते जगले. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी ते गेले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे.