कुत्र्याचे औषध मांजरास घातक

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरचे सौम्य हवामान माणसाला जसे मानवते, तसेच पिसवांनाही. त्यामुळे मांजर पाळणाऱ्या घरांत पिसवांच्या औषधाची गरज वारंवार भासते आणि घरातील कुत्र्यासाठी आणलेले औषधच मांजराला लावण्याचा मोह होतो. खरा धोका येथेच आहे. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे द्रव्य असते. ते निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता अत्यंत तोकडी असते. परिणामी काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनी, लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे ही लक्षणे दिसतात, मृत्यूही संभवतो.

अशा वेळी कोमट पाणी व सौम्य साबणाने औषध धुऊन मांजराला तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. झटके येत असल्यास धुण्यातही वेळ दवडू नये. १९५८ साली स्थापन झालेल्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुरुग्णालयाची सोय आहे.

मांजरांसाठीच्या औषधानेही लावलेल्या जागी खाज सुटणे, केस गळणे असे किरकोळ त्रास होऊ शकतात. ८ आठवड्यांखालील पिल्लांसाठी बारीक दातांची फणीच श्रेयस्कर.

करारावर सही करण्यापूर्वी अटी वाचाव्यात, तद्वतच औषध लावण्यापूर्वी वेष्टनावरील प्राणी, वय व वजन अवश्य वाचावे.