एकच वाण, एकच कीड

उमरी, भोकर, धर्माबादच्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळी कोण, हे सांगावे लागत नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातला कापूस तिने पोखरला. बांधापासून बांधापर्यंत एकच बीटी. ते पचवायला शिकलेल्या अळीला मग कोणत्या शेतात अडथळा येणार? बियाण्याच्या पिशवीबरोबर कडेने लावायची बिगर-बीटीची पुडी मिळत असे. अळीची पचनशक्ती वाढू नये, यासाठीच ती होती. जागा वाया जाते म्हणून अनेकांनी ती लावली नाही.

त्याच वर्षी, २७ जूनला, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या डॅनिश समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. क्रेन धडधाकट होत्या, बंद पडले ते संगणक. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा किडा शिरला होता. कंपनीत जगभर विंडोजच. एक कुलूप ज्या किल्लीने उघडले, तिनेच पुढची हजारो उघडली!

मर्स्कला सावरले ते योगायोगाने. साऱ्या जाळ्याची नोंदवही सांभाळणाऱ्या संगणकांपैकी एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानात. का? तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटला होता. भारनियमनाला बोल लावणाऱ्या आपल्याला याचे हसू येईल.

२०२४ च्या जुलैत तर किडाही लागला नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष दुरुस्तीने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते सॉफ्टवेअर नसलेले संगणक मात्र चालूच राहिले.

मग प्रत्येकाने वेगळी प्रणाली घ्यावी काय? बोलणे सोपे आहे. दोन प्रणाली म्हणजे दोन प्रशिक्षणे, दोन दुरुस्तीवाले आणि वाढीव खर्च. शेतकऱ्यानेही बीटी घेतले ते परवडत होते म्हणूनच. पण बँक, वीज, रुग्णालय यांचा सगळा कारभार एकाच प्रणालीच्या भरवशावर असू नये, एवढे तरी आपण मागू शकतो. आणि घरी? मुलांचे फोटो, जमिनीची कागदपत्रे यांची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी. काम झाले की तार काढून डिस्क कपाटात. आपल्या वाट्याची पुडी तेवढीच आहे. ती तरी लावायला हवी.