साल्हेरचा दगड शांत आहे, पण भिंतींचे काय?

सटाण्याहून साल्हेरकडे जाताना डोंगरात पायऱ्यांसारखे थर दिसतात. १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरांवर थर पसरला. तो उद्रेक कधीच संपला. बागलाणात पुन्हा ज्वालामुखी जागा होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

जागे ज्वालामुखी आहेत ते मुख्यतः प्रशांत महासागराच्या काठाने. चिलीपासून अलास्का, जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया ते न्यूझीलंडपर्यंत सुमारे ४०,००० किलोमीटरचे हे ‘अग्निकंकण’ आहे. तिथे समुद्राखालचे भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली घुसतात. खोलवर त्यांच्यातून पाणी सुटते, त्यामुळे वरचा तप्त खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. अडकलेले भूपट्ट अचानक सरकले की भूकंप होतो. जगातले सुमारे ९० टक्के भूकंप याच पट्ट्यातले.

पण पट्ट्यापासून दूर म्हणजे सुरक्षित, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावे झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. याहून मोठे धक्के जपान अनेकदा फारशा मनुष्यहानीशिवाय सोसतो. किल्लारीत जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि मातीच्या जड छपरांनी.

ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यालाही धोका असतो. बराच वेळ दाबलेल्या स्नायूंतले पोटॅशियम व इतर घटक सुटकेनंतर एकदम रक्तात येतात. हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून शक्य तिथे सुटकेआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात. बाहेर काढलेला माणूस बोलतो-चालतो म्हणून त्याला घरी नेऊ नये, रुग्णालयातच न्यावे.

धक्का जाणवला तर मजबूत टेबलाखाली डोके झाकून बसावे, धक्का थांबल्यावर बाहेर पडावे. जुन्या धाब्याच्या घरात दरवर्षी मातीवर माती चढवून छप्पर जड करू नये. फुगलेली, भेगाळलेली भिंत वेळीच दुरुस्त करावी. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. भिंतीची भेग मात्र आजच दिसते.