शेपूट घातलं नाही, दुखावलंय

रविवारी धरणाच्या पाण्यात तासभर उड्या मारून काठी आणून दिली, परतताना गाडीत ओल्या अंगानंच झोप काढली. सोमवारी सकाळी लॅब्राडॉर दारात येतो तो असा, की जणू रात्री कुणाची चप्पल फाडली असावी. कान मागे, डोळे लाडिक, मागचा भाग डुलतोय. शेपूट मात्र हलत नाही. मुळापासून तीन-चार बोटं ते आडवं येतं आणि तिथून ओल्या दोरीसारखं सरळ खाली लोंबतं. मुळाशी केस उभे राहिलेले. बसायला गेला की अर्ध्यात थांबतो, मग एका मांडीवर कलंडतो.

घरात तर्क सुरू होतात. दारात चेंगरलं असेल, हाड मोडलं असेल. नाहीतर कुणी मारलं असेल, घाबरलाय बिचारा.

'शेपूट घालणं' हा शब्दप्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की खाली गेलेलं शेपूट दिसलं की भीतीच आठवते. पण भ्यालेलं कुत्रं शेपूट पायांत ओढून घेतं आणि त्यासाठीही स्नायू आवळावे लागतात. इथं ते नुसतं पडलेलं असतं. शिकारी कुत्री बाळगणाऱ्या इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी याला 'लिंबर टेल', 'स्विमर्स टेल', 'कोल्ड वॉटर टेल' अशी नावं दिली. पशुवैद्यकांच्या भाषेत ही 'अक्यूट कॉडल मायोपॅथी', म्हणजे शेपटीच्या स्नायूंना अचानक झालेली इजा.

माणसाच्या शेपटीचं आता माकडहाड तेवढं उरलंय. कुत्र्याच्या शेपटीत मात्र साधारण वीस मणके असतात आणि त्यांच्याभोवती उचलणारे, खाली ओढणारे, डावी-उजवीकडे वळवणारे असे स्नायूंचे वेगवेगळे पट्टे. पळताना वळण घ्यायचं तर शेपूट तोल सांभाळतं, पाण्यात सुकाणूचं काम करतं. लॅब्राडॉरचं जाड, मुळाशी मजबूत शेपूट पोहताना अखंड राबत असतं. आठवडाभर सोफ्यावर लोळलेल्या कुत्र्यानं एका दिवसात एवढी मेहनत केली, तर हे स्नायू दुखावतात. पहिल्यांदाच व्यायामशाळेत गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, त्यातलाच प्रकार, फक्त जास्त वेदनेचा.

हे निव्वळ अनुमान नाही. जेनेट स्टाइस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा चार पॉइंटर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू फाटले की रक्तात वाढणारं क्रिएटिन कायनेज हे विकर सुरुवातीच्या काळात वाढलेलं होतं. सुईनं घेतलेल्या विद्युत नोंदींतला बिघाड शेपटीच्या स्नायूंपुरताच होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूतंतूंची हानी स्पष्ट दिसली. इजा स्नायूंना असते, मणक्यांना नाही. म्हणूनच या दुखण्यात एक्स-रे बहुधा निर्दोष येतो. तो काढायचा तो मोडलेलं हाड नाही ना, हे पाहण्यासाठी.

ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठानं 'डॉगस्लाइफ' या प्रकल्पात हजारो लॅब्राडॉरची पिल्लू असल्यापासून नोंद ठेवली आहे. त्यातल्या ३८ बाधित कुत्र्यांची ८६ निरोगी कुत्र्यांशी तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. पोहणाऱ्या आणि शिकारीच्या कामावरच्या कुत्र्यांना धोका बराच जास्त. देशाच्या उत्तरेकडे, म्हणजे थंड भागात, प्रमाण अधिक. बाधित कुत्री एकमेकांच्या नात्यातली असण्याचं प्रमाणही जास्त आढळलं, म्हणजे थोडा दोष वंशाकडेही जातो. गंमत म्हणजे बाधितांपैकी काही कुत्री पाण्यात उतरलेलीच नव्हती. तेव्हा 'आपल्याकडे कुठं एवढी थंडी' म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. खूप पळवणं किंवा प्रवासात तासन्‌तास अरुंद पिंजऱ्यात कोंबणं हीसुद्धा कारणं मानली जातात.

यावर इलाज म्हणजे मुख्यतः काहीही न करणं, आणि तेच घरच्यांना जमत नाही. शेपूट उचलून बघायचं नाही, ओढायचं नाही, तेल लावून रगडायचं नाही, पट्टी तर बांधायचीच नाही. मऊ अंथरूण, उबदार कोपरा, शी-शूपुरतं पट्टा लावून बाहेर नेणं, बस. कुत्र्याला चालत असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मुळाशी काही मिनिटं धरावं. त्यानं अंग चोरलं की थांबावं. बहुतेकांचं शेपूट काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, पूर्ववत होतं.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. आपण सर्रास घेतो ती आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड बिघडवते. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृताला आणि रक्तपेशींना इजा होते. कुत्र्यांसाठीची दाहशामक औषधं वेगळी असतात आणि ती पशुवैद्यानं वजन पाहूनच द्यायची असतात. सुरुवातीलाच दिली तर दुखणं लवकर आटोपतं, असा अनेकांचा अनुभव आहे.

पशुवैद्याकडे जाण्याचं आणखी एक कारण आहे. लोंबणारं शेपूट दरवेळी स्नायूंचंच दुखणं नसतं. गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबणं, कमरेच्या मणक्यांत नस दबणं, शेपूट मोडणं यांतही ते असंच पडतं. मागचे पाय लटपटत असतील, लघवी किंवा शी नकळत होत असेल, शेपटीला स्पर्शच कळत नसेल, जखम किंवा सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तीन-चार दिवसांत काहीच फरक नसेल, तरीही.

हे दुखणं काही कुत्र्यांना पुन्हा होतं. म्हणून पोहायला न्यायचं तर आधी काही आठवडे फिरणं हळूहळू वाढवावं, पाण्यातला पहिला दिवस दहा मिनिटांत आटपावा आणि बाहेर आल्यावर शेपटीच्या मुळापर्यंत टॉवेलनं कोरडं करावं. आणि शेपूट पुन्हा टीपॉयवरचे कप पाडू लागलं, तरी येत्या रविवारी धरण नको. आणखी आठवडाभर त्याला पट्ट्यावरच फिरवा.