खाचेत बसले, तरी जुळले का?

गेमिंगसाठी लागणाऱ्या संगणकाचा प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीकडून घेऊन तो घरी जोडता येतो, याचे श्रेय अनेक वर्षांत ठरत गेलेल्या मानकांना जाते. मदरबोर्ड, म्हणजे इतर सर्व भाग ज्यावर बसवले जातात तो मुख्य फलक, किती मापाचा असावा आणि त्याच्या स्क्रूंची छिद्रे कोठे असावीत, हे इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकाने निश्चित केले. त्यामुळे ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा फलक आजही त्या मानकाच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरील कूलरची उंची तेवढी कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी लागते. १६५ मिलिमीटर उंचीचा कूलर १६० मिलिमीटरच्या जागेत मावणार नाही, हे कळण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

मानके ठरवणाऱ्यांनी शक्य तेथे चुकीचा भाग बसूच नये अशी तजवीज आकारातच करून ठेवली आहे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांवर २८८ संपर्कबिंदू असले, तरी त्यांच्या कडेवरची खाच वेगवेगळ्या जागी आहे. पहिलीला लागणारे १.२ व्होल्ट मदरबोर्डच पुरवतो, तर दुसरीला ५ व्होल्ट मिळतात आणि त्यांचे १.१ व्होल्ट करण्याचे काम पट्टीवरचीच एक चिप करते. म्हणजे चुकीची पट्टी बसली असती, तर तिचे नुकसान होऊ शकले असते. इंटेलचे २०२१ पासूनचे एलजीए १७०० सॉकेटचे प्रोसेसर यांपैकी कोणतीही रॅम चालवू शकतात. मात्र मदरबोर्डावर सहसा एकाच प्रकारच्या खाचा असल्याने निवड तो विकत घेतानाच करावी लागते.

खरी अडचण आकार जुळतो पण आतला करार जुळत नाही, तेथे उद्भवते. सॉकेट म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो ती चौकट, आणि इंटेलच्या सॉकेटच्या नावातील आकडा तिच्यातील संपर्कबिंदूंची संख्या सांगतो. २०१५ चे एलजीए ११५१ सॉकेट २०१७ मध्ये आठव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी त्याच नावाने व त्याच संख्येने पुन्हा वापरले गेले, पण वीज वाहणाऱ्या बिंदूंची संख्या १२८ वरून १४६ करण्यात आली आणि जुन्या मदरबोर्डांना नव्या प्रोसेसरांचा अधिकृत आधार नाकारण्यात आला. पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, फेरफार करून, काही वेळा विशिष्ट बिंदू चिकटपट्टीने झाकून, यांपैकी काही जोड्या चालवून दाखवल्या. त्यामुळे हा निर्णय निव्वळ विद्युत गरजेतून घेतला होता की व्यापारी सोयीतून, ही शंका उरतेच.

एएमडीने एएम ४ हे सॉकेट अनेक वर्षे टिकवून याच्या उलट वाट धरली, पण तेथे अडचण बायोसमध्ये निघाली. प्रोसेसरची ओळखही हीच आज्ञावली पटवते, आणि ज्या चिपमध्ये ती साठवली जाते तिची क्षमता अनेक मदरबोर्डांवर अवघी १६ मेगाबाइट होती. प्रत्येक नव्या पिढीची माहिती तीत भरताना काही उत्पादकांना सेटिंगचे चित्रमय पडदे साधे करावे लागले, तर काहींनी जुन्या प्रोसेसरांचा आधारच काढून टाकला. म्हणजे २०१७ च्या मदरबोर्डावर २०२२ चा प्रोसेसर चालू शकतो, पण बायोस अद्ययावत केल्यानंतर मूळचाच चालेनासा होणे शक्य असते. शिवाय बायोस अद्ययावत करण्यासाठी संगणक सुरू व्हावा लागतो आणि नवा प्रोसेसर घालून तो सुरूच होत नाही, या पेचातून सुटण्यासाठी एएमडीने २०१८ मध्ये ग्राहकांना तात्पुरता जुना प्रोसेसर उसना देण्याची योजना राबवली होती. आता अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सगळे भाग एकाच दुकानातून घेणाऱ्याला हे काम दुकानदाराकडूनच करून मागता येते; वेगवेगळ्या ठिकाणांहून ऑनलाइन मागवणाऱ्याने मात्र मदरबोर्ड उत्पादकाच्या यादीत आपल्या प्रोसेसरपुढे लिहिलेली बायोसची किमान आवृत्ती आधीच वाचलेली बरी.

सर्वांत महागात पडणारी चूक एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या, केबलींबाबत होते. केबलचे मदरबोर्ड, ड्राइव्ह किंवा ग्राफिक्स कार्डाकडे जाणारे टोक मानकाने बांधलेले आहे. पण ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या करता येतात, त्यांच्या डब्याकडील टोकाला कोणतेही सामाईक मानक नाही. कोणत्या बिंदूवर १२ व्होल्ट आणि कोणत्यावर ५ व्होल्ट, हे प्रत्येक उत्पादक आपल्यापुरते ठरवतो, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलू शकते, आणि जुनी केबल नव्या डब्यात खटकन बसून हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या बिंदूवर १२ व्होल्ट पोचवू शकते. एवढ्या मानकबद्ध यंत्रात ही एक जागा मोकळी सोडणे अक्षम्यच म्हणावे लागेल.

वॉटची बेरीज करणे त्या मानाने सोपे वाटते, पण तीही फसवी आहे, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या सरासरीहून खूपच जास्त वीज ओढू शकते. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने नव्या सोळा बिंदूंच्या जोडणीच्या मोठ्या एसएमपीएसकडून आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद पेलण्याची अपेक्षा धरली. त्या जोडणीतील चार बारीक बिंदू वीज वाहत नाहीत, तर त्यांपैकी काही डबा किती वॉट देऊ शकतो हे कार्डाला कळवतात. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० कार्डांच्या काही जोडण्या, बहुधा प्लग पूर्ण आत न गेल्याने, वितळल्या. सुधारित रचनेत हे चार बिंदू आखूड केले गेले, जेणेकरून प्लग अर्धवट बसला तर कार्डाने वीज ओढू नये.

काही विसंगती मात्र कोणतीही खूण न दाखवता केवळ वेग खातात. ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसते तिच्या सर्व पिढ्या परस्परांशी जुळवून घेतात, म्हणजे कार्ड व मदरबोर्ड सुरुवातीलाच वाटाघाट करून दोघांना झेपेल तो वेग ठरवतात. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला सोळाऐवजी चारच मार्गिका असल्याने चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्याला सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहितीची वाट मिळते आणि तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर सुमारे ४. कार्डावरची स्मृतीही ४ गिगाबाइटच असल्याने ती भरताच खेळाची चित्रे संगणकाच्या मुख्य रॅममधून त्याच अरुंद वाटेने आणावी लागतात आणि पडद्यावरचे दृश्य अडखळू लागते. असे कार्ड स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याचा मदरबोर्ड बहुधा जुन्या, तिसऱ्या पिढीचाच असतो, आणि सुसंगतता तपासणारी संकेतस्थळे या जोडीला हिरवी खूण देतात.